ब्रेडच्या पाकिटाची मागची बाजू

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



कार्यवाह ताईंनी मला आहारावर चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. या जागेवरून डॉक्टरीणबाई बोलून गेल्या, शाळेच्या मुख्याध्यापिका बोलून गेल्या. मी पडले सातवी शिकलेली. पण ताई म्हणाल्या, "तुम्ही दुकानात ब्रेडचे पाकीट उलटेपालटे करून वाचत उभ्या असता, ते काय वाचता तेवढेच सांगा." म्हणून आज मी फक्त तेवढेच सांगणार आहे. मधुमेहासाठी पिष्टमय पदार्थ कमी करायचे असतील, तर दुकानातला ब्रेड घ्यावा कसा, एवढाच माझा विषय.

तीन वर्षांपूर्वी मला मधुमेह असल्याचे कळले. आहारतज्ज्ञ बाईंनी माझे वजन, काम, गोळ्या सगळे पाहून दिवसाकाठी १२० ग्रॅम पिष्टमय पदार्थांची मर्यादा आखून दिली. हा आकडा माझा आहे, तुमचा वेगळा असेल. पिष्टमय पदार्थ म्हणजे पाकिटावर ज्यांना 'कार्बोहायड्रेट' म्हणतात ते. पोटात गेल्यावर त्यांची साखर होते, मग ते गोड लागोत की न लागोत. आपण चहातली साखर तेवढी मोजतो आणि भात, पोळी, पाव न मोजता खातो.

आता कुणी म्हणेल, ब्रेडचे नावच कशाला? आपल्या कोकणात तांदळाची भाकरी आहे, नाचणीची आहे. खरे आहे. पण मैत्रिणींनो, सकाळी सहाला पाववाल्याची सायकल दारात वाजते, ती आपणच थांबवतो ना? मुलांचा डबा, पाहुण्यांचा चहा, आजाऱ्याची न्याहारी, सगळीकडे पाव-ब्रेड आहेच. शिवाय भाकरीही काही फुकट नाही. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे २० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. ५० ग्रॅम पिठाची भाकरी केली तर तीस ते चाळीस ग्रॅम होतात. तेव्हा ब्रेड वाईट आणि भाकरी चांगली, एवढे म्हणून हिशेब सुटत नाही. जे घरात येतेच, ते पारखून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे.

हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असे त्यात निघाले. २०२५ साली याच पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. आपल्या लोकांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सरासरी ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात. आणि नुसता मैदा किंवा पांढरा तांदूळ सोडून गव्हाचे किंवा नाचणी-ज्वारीसारख्या धान्याचे पीठ घेतले, पण एकूण प्रमाण तेवढेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. त्यातला थोडा वाटा डाळी-कडधान्यांना किंवा दूध-दह्याला दिला, तर मात्र धोका कमी दिसतो. ही गोष्ट मनाशी पक्की धरून ठेवा, कारण ब्रेडच्या दुकानात नेमकी हीच विसरायला लावतात.

आता पाकीट हातात घेऊ. पुढच्या बाजूला शेतातली कणसे असतात, हिरवे पान असते, 'हेल्दी', 'मल्टिग्रेन', 'ब्राऊन' असे शब्द असतात. ती बाजू दुकानदाराची. आपली बाजू मागची. अक्षर बारीक असते आणि बहुधा इंग्रजी असते. पण आपल्यापैकी पुष्कळजणी पाचवी ते सातवी तीन वर्षे इंग्रजी शिकल्या आहेत. तेवढे इंग्रजी यास पुरते. वाचायचे शब्द सारे मिळून आठ-दहा आहेत.

पहिली गोष्ट, घटकपदार्थांची यादी. नियम असा आहे की, जो पदार्थ वजनाने सर्वांत जास्त तो यादीत पहिला लिहायचा, मग त्याहून कमी, मग त्याहून कमी. म्हणून पहिला शब्द पाहा. 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' असेल किंवा कंसात 'मैदा' असेल, तर पुढच्या बाजूला काहीही छापलेले असो, तो मैद्याचा ब्रेड आहे. 'होल व्हीट फ्लोअर' किंवा 'आटा' पहिला असेल तर तो कणकेचा. नुसते 'व्हीट फ्लोअर' या शब्दाने फसू नका, मैदाही गव्हाचाच असतो. शेजारी टक्के दिलेले असतील तर तेही वाचा. मोठ्या अक्षरात 'नाचणी ब्रेड' असे नाव असते आणि मागे नाचणीपुढे अगदी लहान आकडा असतो. उरलेला सगळा मैदा. नाचणीचे नाव घेतले की आपल्या कोकणातल्या बायांचा हात लगेच पुढे होतो, हे विकणाऱ्याला ठाऊक आहे!

दुसरी गोष्ट, रंग. ब्रेड तपकिरी दिसला की तो कोंड्याचा, असे आपण समजतो. यादीच्या शेवटाकडे 'कॅरॅमल' हा शब्द किंवा १५० हा आकडा आणि त्याला चिकटून एखादे लहान अक्षर दिसले, तर तो रंग जळलेल्या साखरेसारख्या पदार्थाचा आहे, गव्हाच्या सालीचा नव्हे. कणकेच्या ब्रेडलाही कधी कधी हा रंग घालतात. म्हणून रंगावरून काहीच ठरवू नये, बरे किंवा वाईट.

तिसरी गोष्ट, साखर. ती एका नावाने येत नाही. 'शुगर' आहेच. त्याशिवाय 'ग्लुकोज सिरप', 'इन्व्हर्ट सिरप', मध, गूळ ही सारी तिचीच भावंडे. 'माल्टोडेक्स्ट्रिन' हेही रक्तातली साखर झपाट्याने वाढवते. ब्रेड फुगवायला यीस्ट लागते आणि तिच्यासाठी थोडी साखर घालतात, त्याला इलाज नाही. पण ही नावे यादीत दुसऱ्या-तिसऱ्या जागी आली, तर तो ब्रेड नव्हे, केकचा धाकटा भाऊ समजा. पोषणाच्या तक्त्यात 'टोटल शुगर्स' आणि 'ॲडेड शुगर्स' अशा दोन ओळी असतात. त्यातली दुसरी, म्हणजे वरून घातलेली साखर, जितकी कमी तितकी बरी.

चौथी आणि मुख्य गोष्ट, तो पोषणाचा तक्ता. त्यात 'कार्बोहायड्रेट' ही ओळ शोधा आणि १०० ग्रॅममागचा आकडाच पाहा. शेजारी 'पर सर्व्ह' म्हणजे एका वाढणीचा आकडा असतो. एक कंपनी एका स्लाइसची वाढणी धरते, दुसरी दोन स्लाइसची, म्हणून त्यावरून तुलना होत नाही. १०० ग्रॅमच्या मापाने सगळी पाकिटे एका पंगतीत बसतात. साध्या पांढऱ्या ब्रेडमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे ५० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. कणकेच्या ब्रेडमध्ये थोडे कमी असतात, पण फार कमी नाहीत.

आता याचा स्लाइसशी मेळ कसा घालायचा? मी सोपा हिशेब करते. पाकिटावर वजन लिहिलेले असते. ४०० ग्रॅमचा ब्रेड आहे आणि आत १६ स्लाइस निघाल्या, तर एक स्लाइस २५ ग्रॅमची झाली. १०० ग्रॅमला ५० ग्रॅम, तर २५ ग्रॅमला साडेबारा. साखरेचा एक लहान चमचा सुमारे ४ ग्रॅमचा. म्हणजे एक पांढरी स्लाइस ही तीन चमचे साखरेइतकी झाली. हे मी स्वयंपाकघरात एका बशीत साखर काढून पाहिले. आकडा ऐकून जे मनावर ठसत नाही, ते बशीतल्या ढिगाने ठसते. दुपारी घरी जाऊन करून पाहा. आणि मोठ्या सँडविचच्या ब्रेडची स्लाइस पुष्कळच वजनदार असते, तिची भागिले वेगळी करा.

मग कणकेच्या ब्रेडला अर्थ काय, असे तुम्ही विचाराल. अर्थ आहे, तो तंतूंचा. तक्त्यात 'डाएटरी फायबर' ही ओळ असेल तर पाहा. ही ओळ छापणे सक्तीचे नाही, म्हणून काही पाकिटांवर ती सापडतच नाही. १०० ग्रॅममागे ३ ग्रॅम तंतू असतील, तर 'तंतू आहेत' असे पाकिटावर म्हणता येते. ६ ग्रॅम असतील, तर 'भरपूर तंतू' असे म्हणता येते, असा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे. तंतूंमुळे पोट भरल्यासारखे वाटते, साखर जरा सावकाश चढते आणि कोठा साफ राहतो. म्हणून दोन ब्रेड समोर असतील, तर ज्यात आटा पहिला, तंतू जास्त आणि वरची साखर कमी, तो मी घेते. पण स्लाइस मात्र तेवढ्याच खाते. चांगला ब्रेड मिळाला म्हणून चार खाल्ल्या, तर हिशेब होता तिथेच आला. बी.पी. असलेल्यांनी 'सोडियम' हीही ओळ पाहावी. ब्रेडमध्ये मीठ आपल्याला वाटते त्याहून अधिक असते.

आता ज्यावर छापलेले काहीच नसते, त्याचे बोलू. लादी पाव कागदात गुंडाळून येतो. तो मैद्याचाच समजावा. एक पाव ४० ग्रॅमचा धरला तर त्यात २० ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ, म्हणजे एका पोळीएवढे. मिसळीबरोबर दोन पाव आपण सहज खातो आणि वर 'पोळी नको, पोट भरले' म्हणतो. वडापावात तर पावाच्या आत बटाटा, म्हणजे पिठाला पिठूळाचीच सोबत. ज्यांची माहेरची माणसे गोव्याकडे आहेत, त्यांना कोंड्याची पोई ठाऊक आहे. पाव गोव्यात पोर्तुगीजांबरोबर आला आणि तिथल्या पोदेरांनी त्याचे किती तरी प्रकार केले. त्यात पोई सर्वांत भली. परंतु कोंडा पिठात मळलेला आहे की नुसता वरून भुरभुरला आहे, हे पोदेरलाच विचारावे. विचारायला लाजू नये.

आणि टोस्ट! आपल्याकडे कुणी आजारी पडले की भेटायला जाताना टोस्टचा पुडा नेतात, कारण टोस्ट 'हलका'. अहो, टोस्ट म्हणजे भाजून पाणी काढलेला ब्रेड. पाणी गेले, पीठ राहिले, त्यात बहुतेक वेळा साखरही असते. १०० ग्रॅम टोस्टात ७० ग्रॅमच्या वर पिष्टमय पदार्थ भरतात. एक टोस्ट दहा-बारा ग्रॅमचा, म्हणजे त्यात सुमारे ८ ग्रॅम. चहात बुडवून चार कधी संपतात ते कळतही नाही. त्या चारांचे ३२ ग्रॅम झाले, दोन स्लाइस ब्रेडपेक्षा जास्त. खारी आणि बटर यांचीही तीच जात, वर तूप-डालडा निराळा. घरी तव्यावर ब्रेड भाजला म्हणूनही त्यातले पीठ कमी होत नाही, फक्त कुरकुरीत होतो.

शहरांतल्या मोठ्या दुकानांत अलीकडे 'कीटो' किंवा 'लो कार्ब' असे लिहिलेला ब्रेडही मिळतो. बदामाचे पीठ, अळशी, इसबगोल, गव्हातले चिकट प्रथिन म्हणजे ग्लुटेन, असे त्यात असते. त्यातल्या काहींत पिष्टमय पदार्थ खरोखरच फार कमी असतात, पण किंमत साध्या ब्रेडच्या कितीतरी पट. परवडत असेल त्यांनी घ्यावा, मात्र मागची बाजू वाचूनच घ्यावा. नाव नवे असले तरी वाचण्याची रीत जुनीच. ज्यांना परवडत नाही, त्यांनी हळहळू नये. साध्या कणकेच्या ब्रेडची एकच स्लाइस खाऊनही काम भागते.

ते कसे, तेही सांगते. स्लाइस हे जेवण नव्हे, जेवणाचे ताट समजावे. ताटात काय वाढलेय ते महत्त्वाचे. एका स्लाइसवर जॅमचा मोठा चमचा लावला, तर दहा-बारा ग्रॅम आणखी आले, म्हणजे न खाता दुसरी स्लाइसच खाल्ली. त्याऐवजी दोन अंड्यांचे ऑम्लेट घ्या. त्यात पिष्टमय पदार्थ जवळजवळ नाहीत आणि प्रथिने बारा ग्रॅम. शाकाहारी असाल तर पनीर किंवा टोफू तव्यावर परतून, काकडी-टोमॅटो, दाण्याची चटणी, वाटीभर घट्ट दही. मटकीची उसळ घेतली तर तिचेही थोडे मोजावे लागते, पण तिच्यात प्रथिने आणि तंतू दोन्ही आहेत. माझी न्याहारी एक स्लाइस, दोन अंडी आणि काकडी अशी असते, आणि दुपारी बारापर्यंत भूक लागत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र कान देऊन ऐका. आमच्या आळीतल्या एक वहिनी इन्सुलिन घेतात. कुणाचे तरी ऐकून त्यांनी ब्रेड, पोळी, भात सगळे एकदम बंद केले आणि इन्सुलिन पूर्वीइतकेच चालू ठेवले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय कापू लागले, शब्द अडखळू लागले. सुनेने प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी पाजले म्हणून बरे. अन्न कमी झाले की औषधही कमी करावे लागते, नाही तर साखर एकदम खाली येते. इन्सुलिन आणि काही गोळ्या यांच्यावर असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि दिवस गेलेल्या मुलींनी डॉक्टरांना विचारल्यावाचून असा आहार सुरू करूच नये. आज मी जे सांगते ते ब्रेड निवडण्याचे. औषध ठरवण्याचे काम डॉक्टरांचे.

आता शेवटची गोष्ट, आणि मला वाटते हीच आपल्या मंडळात बोलण्याची. घरात पुरुषाला मधुमेह झाला की सगळ्या घराचे जेवण बदलते. भात कमी शिजतो, साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, त्यांच्यासाठी वेगळा ब्रेड येतो आणि त्याला कुणी हात लावत नाही. बाईला मधुमेह झाला की तिच्या एकटीच्याच ताटातली पोळी कमी होते, आणि तीही रात्री उरलेला पाव 'टाकायचा कशाला' म्हणून तिच्याच पोटात जाते. हे मी कुणा एकीचे सांगत नाही, इथे बसलेल्या पुष्कळजणींच्या माना हलताहेत.

मीही पहिल्यांदा कणकेचा ब्रेड वेगळा मागितला, तेव्हा आमच्या घरी "एकटीसाठी पूर्ण पाकीट? शिळे होऊन जाईल" असा सूर निघाला. मी भांडले नाही. ब्रेड आणला, दोन-दोन स्लाइस वेगळ्या पिशव्यांत बांधल्या आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. रोज एक काढायची, तव्यावर गरम करायची. पाकीट दोन आठवडे पुरले, एक तुकडा वाया गेला नाही. मग हळूहळू सासूबाईंनी विचारले, मग यजमानांनी. आता आमच्याकडे तोच ब्रेड सर्वांना येतो आणि लादी पाव फक्त रविवारी. उरलेला पाव असला तर त्याचा चुरा करून कटलेटला लावते, माझ्या ताटात घेत नाही. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर साडेआठवरून पावणेसातवर आली. गोळ्या, चालणे आणि हा हिशेब, तिन्ही मिळून ते झाले. एकट्या ब्रेडचे श्रेय मी घेत नाही.

माझे वडील याच रोगाने डाव्या पायाचा अंगठा आणि मग पाऊल गमावून बसले. त्यांना रोज दुपारी चहाबरोबर टोस्ट आम्हीच देत होतो, कारण तेव्हा तोच पथ्याचा मानत. कुणाचा दोष नव्हता, कुणी वाचायला सांगितले नव्हते. आज मात्र प्रत्येक पाकिटावर लिहिलेले असते. लिहिलेले असून आपण वाचले नाही, तर ते लिहिण्याचा उपयोग काय?

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढच्या महिन्याच्या सभेला येताना प्रत्येकीने आपल्या घरच्या ब्रेडचे किंवा टोस्टचे रिकामे पाकीट आणावे. ज्यांना इंग्रजी अक्षर लागते त्यांनी ज्यांना लागत नाही त्यांना वाचून दाखवावे. चष्मा नसेल तर मुलीचा मोबाईल धरून अक्षर मोठे करावे. फळ्यावर चार रकाने आखू: पहिला घटक कोणता, १०० ग्रॅमला कार्बोहायड्रेट किती, वरची साखर किती, तंतू किती. अर्ध्या तासात आपल्या चिपळूणच्या बाजारात मिळणाऱ्या सगळ्या ब्रेडची यादी तयार होईल. ती मंडळाच्या फलकावर लावू. ज्या बायका सभेला येत नाहीत, त्याही जाता-येता वाचतील.

आपण भाजी निवडून घेतो, मासळीचा कल्ला उचलून पाहतो, साडीचा पदर उलटा करून वीण पाहतो. मग ब्रेडचेच पाकीट न उलटता पिशवीत का टाकावे?